पंचरंगी सामन्यांतील तीनशे नऊ धावा

श्रोतेहो, सिल्वासाचा प्रवासी मुंबईस निघाला की प्रथम वापी गाठतो. वापीवरून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग जेथे संपतो ते स्थानक म्हणजे चर्चगेट, आणि चर्चगेटपासून चार पावलांवर ब्रेबर्न स्टेडियम उभे आहे. त्या स्टेडियमसमोरून आज जे तरुण लगबगीने जातात, त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असेल की १९३७ सालानंतरच्या आठ-नऊ वर्षांत हिवाळा आला की अवघ्या मुंबईचे लक्ष या एका वास्तूकडे लागून राहत असे. येथे पंचरंगी सामने होत. त्या सामन्यांपुढे रणजी करंडकाचे सामने फिके पडत. परदेशी संघ आले तरी त्यांच्या वाट्याला एवढी आतुरता क्वचितच येई.

ज्यांनी ते सामने पाहिले ती पिढी आता जवळजवळ सरली आहे. वसंत रायजी हे त्या पिढीतील एक. त्यांचा जन्म १९२० सालचा, आणि २०२० साली वयाची शंभरी पूर्ण करून ते निवर्तले. ते स्वतः प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळले होते. पण त्यांची ख्याती झाली ती मुंबईच्या क्रिकेटचे इतिहासकार म्हणून. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या शौकिनांनी या सामन्यांच्या आठवणी जिवापाड जपल्या. मात्र त्या आठवणी ऐकताना मनास एक कोडे पडते. ज्या स्पर्धेचा पायाच मुळी धर्मभेदावर रचलेला होता, जिला महात्मा गांधींनी उघड विरोध केला, जी बंद पडली ते योग्यच झाले असे आज कोणीही सुज्ञ मनुष्य म्हणेल, तिच्याविषयी एवढा जिव्हाळा का असावा? हा जिव्हाळा भाबडा समजावा, की तो कशाची तरी खरी साक्ष देत आहे असे मानावे? या प्रश्नाचा उलगडा करण्यास डिसेंबर १९४३ मधील एका सामन्याइतके चांगले साधन दुसरे नाही. परंतु त्या सामन्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी या स्पर्धेची कुळकथा थोडक्यात पाहिली पाहिजे.

हिंदुस्थानात क्रिकेटचा छंद प्रथम जडला तो पारशी समाजास. १८८६ आणि १८८८ साली पारशी संघ इंग्लंडचा दौरा करून आले. पुढे १८९२ पासून मुंबईत पारशी विरुद्ध यूरोपियन असा सामना नियमाने होऊ लागला. १९०७ साली त्यांत हिंदूंचा संघ आला, १९१२ साली मुस्लिमांचा आला, आणि १९३७ साली पाचवा संघ आला. मराठीत या सामन्यांना अनुक्रमे तिरंगी, चौरंगी आणि पंचरंगी अशी नावे पडली. नावे मोठी उत्सवी आहेत. तथापि हे रंग एकमेकांत मिसळावेत अशी योजना नव्हती. प्रत्येक रंग आपापल्या तंबूत राही आणि मैदानावर तेवढा समोरासमोर येई.

यांत यूरोपियनांस हरविण्याचा जो आनंद होता, तो आज पूर्णपणे समजणे कठीण आहे. राज्यकर्त्यांच्या खेळात, त्यांच्याच नियमांनी, त्यांच्याच जिमखान्यावर त्यांना हरवावयाचे! फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी यूरोपियनांना १०९ धावांनी हरविले तेव्हा त्या विजयाचा बोलबाला क्रिकेट न समजणाऱ्यांच्या घरांपर्यंत पोहोचला. त्या विजयातील एक मुख्य शिल्पकार होते बाळू पालवणकर. डावखुऱ्या संथ गोलंदाजीत त्यांच्या तोडीचा दुसरा गोलंदाज त्या काळी या देशात नव्हता. १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी मिळविले. असे असूनही ते चर्मकार समाजातील, म्हणून पुण्यास त्यांचा चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई, आणि हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्या वाट्यास कधीही आले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्या हाती ते आले आणि १९२३ साली त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. धर्माच्या नावाने संघ उभे केले की त्या धर्मातील भिंतीही संघाबरोबर मैदानात येतात, हे या एका घराण्याच्या हकीकतीवरून स्पष्ट दिसते. विठ्ठल पालवणकरांनी आपले आत्मवृत्त मराठीत लिहून ठेवले, हे आपले भाग्यच होय. आपल्या खेळाडूंना लिहिण्याचा आळस फार.

या स्पर्धेला मुंबईबाहेर नेले ते रेडिओने. १९३४ साली ए. एफ. एस. तल्यारखान यांनी एस्प्लनेड मैदानावरील पारशी-मुस्लिम सामन्याचे धावते वर्णन केले, तेव्हापासून क्रिकेट हा डोळ्यांइतकाच कानांचाही खेळ झाला. तल्यारखानांचा आवाज खर्जातला आणि दम असा की दिवसभर एकटेच बोलत राहावे. ध्वनिक्षेपकासमोर दुसरा माणूस त्यांना खपत नसे. पुढे आकाशवाणीने एकाहून अधिक समालोचक नेमण्याची पद्धत सुरू केली तेव्हा त्यांनी ते काम सोडून दिले. पण त्यांच्या वर्णनाची मोहिनी ज्यांच्यावर पडली होती, त्यांच्या बोलण्यात ती अखेरपर्यंत राहिली. या सामन्यांच्या आठवणी सांगणाऱ्या अनेकांनी प्रत्यक्षात सामना पाहिलेलाच नव्हता. इराण्याच्या हॉटेलातील किंवा शेजाऱ्याच्या दिवाणखान्यातील रेडिओभोवती उभे राहून त्यांनी तो ऐकला होता. असे असताही चेंडू सीमेपार गेला तो नेमका कोठून गेला, हे ते बोटाने दाखवीत.

आता तो पाचवा संघ. त्याचे नाव 'दि रेस्ट'. साध्या मराठीत सांगावयाचे तर 'बाकीचे'. जे यूरोपियन नाहीत, पारशी नाहीत, हिंदू नाहीत आणि मुस्लिमही नाहीत, असे सर्व त्यांत. देशी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू आणि कधी सिंहलद्वीपातील बौद्ध, असे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले लोक केवळ इतर कोणत्याही रकान्यात बसत नाहीत म्हणून एकत्र आणले गेले. गंमत अशी, की १९३७ साली हा संघ आला त्याच वर्षी नव्या ब्रेबर्न स्टेडियममधील जागांच्या वाटणीवरून हिंदू जिमखाना रुसला आणि हिंदूंचा संघ उतरलाच नाही. तेव्हा पंचरंगीच्या पहिल्या वर्षी रंग चारच राहिले.

सिल्वासाच्या श्रोत्यांना या 'बाकीचे' शब्दाची चव निराळी समजावून सांगावयास नको. १७८३ साली पेशव्यांनी नगर हवेलीचा मुलूख पोर्तुगीजांस दिला, आणि तेव्हापासून नकाशा रंगविणाऱ्याने या भूभागास आसपासच्या रंगाहून वेगळा रंग दिला. आपण ज्या १९४३ सालाविषयी बोलत आहोत त्या साली मुंबईचा स्टेडियम सिल्वासाच्या दृष्टीने परक्या राज्यात होता, जरी तेथील आणि येथील माणसे तीच मराठी आणि तीच गुजराती बोलत होती. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. भारतात त्याचे विलीनीकरण झाले ते मात्र १९६१ च्या ऑगस्टमध्ये. मधली सात वर्षे हा मुलूख धड पोर्तुगालचा नव्हता आणि कायद्याने धड भारताचाही नव्हता. कोणी कोणत्या रकान्यात बसावे याचा निर्णय बहुधा त्या माणसांना विचारून होत नाही. 'बाकीच्यां'च्या संघातील खेळाडूंनाही कोणी विचारले नव्हते.

या रकान्यांविरुद्धचा आवाज मोठा होत चालला होता. १९३० ते १९३३ या कायदेभंगाच्या वर्षांत चौरंगी सामने झालेच नव्हते. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्यास गांधीजींना भेटले. गांधीजींनी दोन गोष्टी सांगितल्या. देशातील माणसे तुरुंगात जात असता आणि जगात युद्ध चालले असता करमणुकीचा हा सोहळा शोभत नाही, ही एक. आणि कॉलेजांचे किंवा संस्थांचे संघ आपण समजू शकतो, पण धर्मवार संघ कशासाठी असतात हे आपल्याला कधीच उमगलेले नाही, ही दुसरी. पहिला मुद्दा प्रसंगापुरता होता. दुसऱ्या मुद्द्याला मात्र स्पर्धेच्या कैवाऱ्यांपाशी समाधानकारक उत्तर नव्हते. सामन्यांनी सलोखा वाढतो, असे ते म्हणत. परंतु सलोखा वाढविण्यासाठी आधी वेगळे उभे का राहावे, याचा खुलासा कोणी केला नाही.

१९४२ साली 'चले जाव' आंदोलनाच्या धामधुमीत स्पर्धा झाली नाही. १९४३ साली ती पुन्हा भरली. गांधीजी त्या वेळी पुण्यास आगाखान राजवाड्यात बंदिवान होते, बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती, आणि मुंबईत त्याच वर्षी धान्याचे रेशनिंग सुरू झाले होते. अशा वेळी स्टेडियम भरावे याला कोणी बेपर्वाई म्हणेल, तर त्यास दोष देता येणार नाही. परंतु माणसे गेली, आणि तेथे त्यांनी जे पाहिले ते त्यांतील कोणीही विसरले नाही.

अंतिम सामना हिंदू विरुद्ध बाकीचे असा होता. किंबहुना तो दोन विजयांचा सामना होता: हिंदूंकडून विजय मर्चंट, बाकीच्यांकडून विजय हजारे. मर्चंट हे मुंबईतील गिरणीमालकांच्या घराण्यातील. त्यांची फलंदाजी इतकी रेखीव की कारकिर्दीअखेर प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये त्यांची सरासरी ७१.६४ भरली, आणि तिच्यापुढे होती ती फक्त डॉन ब्रॅडमन यांची. हजारे सांगलीचे, मराठी ख्रिस्ती कुटुंबातील, शाळामास्तरांचे चिरंजीव. बोलणे कमी, चेहरा शांत. दोन्ही पॅडच्या मध्ये बॅट धरून उभे राहण्याची त्यांची ढब पाहून जाणकार नाक मुरडीत. परंतु ऑस्ट्रेलियाचे क्लॅरी ग्रिमेट त्यांस शिकविण्यास आले तेव्हा त्या शहाण्या गोलंदाजाने ही ढब बदलू नका असाच सल्ला दिला. चांगल्या शिक्षकाची ही खूण होय. १९३९-४० च्या मोसमात पुण्यास महाराष्ट्राकडून खेळताना हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या होत्या.

१९४३ च्या त्या स्पर्धेत आधीच्या सामन्यात हजारे यांनी २४८ धावा काढून पंचरंगीतील वैयक्तिक धावांचा नवा उच्चांक केला होता. अंतिम सामन्यात हिंदूंनी प्रथम फलंदाजी केली आणि मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या. उच्चांक दोन धावांनी मोडला! हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. बाकीच्यांचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. त्यांत एकट्या हजारे यांच्या ५९ होत्या. ४४८ धावांनी मागे पडलेल्या संघास फॉलोऑन मिळाला आणि दुसऱ्या डावात ६० धावांत पाच गडी परतले. येथे सामन्याचा निकाल लागल्यात जमा होता. कोणी प्रेक्षक चर्चगेटकडे चालू लागला असेल तर त्याची कीव करावी तेवढी थोडी.

सहाव्या गड्यासाठी हजारे यांच्या सोबतीस आले ते त्यांचेच बंधू विवेक. या दोघांनी ३०० धावांची भागीदारी केली. त्यांत विवेक यांच्या धावा होत्या २१. गणिताच्या शिक्षकाने हे उदाहरण वर्गात अवश्य घालावे: तीनशेतून एकवीस वजा करा, अवांतर धावा सोडा, आणि उरलेल्या सर्व एका माणसाच्या नावे मांडा. परंतु या हिशेबात विवेक यांची कामगिरी दिसत नाही. समोरून बळी मिळविण्यास टपलेले गोलंदाज, भोवती क्षेत्ररक्षकांचे कडे, आणि दुसऱ्या टोकास आपला भाऊ जगाने कधी न पाहिलेला खेळ खेळत आहे. अशा वेळी धावांचा मोह टाळून केवळ टिकून राहणे यास लागणारे मनोबल थोडे नव्हे. धावफलकावर त्यासाठी रकाना नाही. तरीही त्या सामन्याची आठवण सांगणारे विवेक यांचे नाव गाळीत नाहीत, यात त्या शौकिनांची पारख दिसते.

विजय हजारे यांच्या ३०९ धावा झाल्या. संघाच्या झाल्या ३८७. म्हणजे दर पाच धावांतील जवळजवळ चार त्यांच्या. मर्चंट यांचा उच्चांक ज्या सामन्यात झाला त्याच सामन्यात मोडला. दोन्ही डाव मिळून बाकीच्यांच्या ५२० धावांपैकी ३६८ हजारे यांच्या होत्या. आणि एवढे होऊनही बाकीचे एक डाव आणि ६१ धावांनी हरले.

हा पराभव नीट लक्षात ठेवावयास हवा, कारण आठवणी सांगणाऱ्यांच्या उत्साहापुढे तो कोठल्या कोठे लोपतो. त्यांचे बोलणे ऐकणाऱ्याची समजूत होते की हजारे यांनी सामना वाचविला. तसे झाले नाही. चषक हिंदूंनी नेला आणि मर्चंट यांची खेळी विजयी ठरली. पण वर्षानुवर्षे लोकांच्या तोंडी राहिली ती हरलेल्या संघातील माणसाची खेळी. ही गोष्ट साधी नव्हे. मुंबईत 'बाकीच्यां'ची वस्ती ती किती असणार? केवळ त्यांनीच ही आठवण सांभाळली असती तर ती एका पिढीतच विझली असती. ती टिकली याचा अर्थ ज्यांच्या संघाविरुद्ध या धावा निघाल्या त्यांनीच ती सांभाळली. आपल्या रंगाचा जयजयकार करण्यास आलेला हिंदू प्रेक्षक घरी गेला तो सांगलीच्या एका ख्रिस्ती शाळामास्तराच्या मुलाचे गुणगान करीत. शौकिनांचा जिव्हाळा भाबडा नव्हता, असे म्हणण्यास येथे आधार सापडतो. त्यांना आठवते ती स्पर्धेची रचना नव्हे. ती रचना क्षणभर निरुपयोगी करून टाकणारी माणसे त्यांना आठवतात.

पुढच्याच वर्षी, १९४४ साली, असा दुसरा प्रसंग आला. अंतिम सामना हिंदू विरुद्ध मुस्लिम. मुस्लिम संघास जिंकण्यासाठी २९८ धावा हव्या होत्या. के. सी. इब्राहिम सलामीला आले आणि अखेरपर्यंत नाबाद राहिले. त्यांच्या १३७ धावा झाल्या आणि मुस्लिमांनी एका गड्याने सामना जिंकला. देशाचे राजकारण त्या वेळी कोणत्या वळणावर होते हे सर्वांना ठाऊक आहे. अशा वेळी, अशा दोन संघांत, असा अटीतटीचा शेवट. तरी ज्यांनी तो पाहिला ते त्याचे वर्णन करताना कडवटपणाचा शब्द काढीत नाहीत. इब्राहिम यांच्या चिवटपणाविषयी मात्र भरभरून बोलतात.

एवढे मान्य करूनही गांधीजींचे म्हणणे खोडून निघत नाही. हजारे यांची खेळी पाहून सारा स्टेडियम एक झाला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतील मुले पुन्हा एकमेकांना 'तुझा संघ कोणता' असे विचारीत, आणि त्या प्रश्नाचे उत्तर मुलाच्या आवडीवर अवलंबून नसे. जन्मतःच ते ठरलेले असे. १९४५-४६ च्या मोसमानंतर पंचरंगी सामने पुन्हा झाले नाहीत. मर्चंट आणि हजारे यांच्यासारख्यांचा खेळ त्यामुळे थांबला नाही. १९४३ च्या त्या सामन्यानंतर काही दिवसांतच मर्चंट यांनी मुंबईकडून महाराष्ट्राविरुद्ध रणजी सामन्यात नाबाद ३५९ धावा करून हजारे यांना पुन्हा मागे टाकले होते. पुढे मर्चंट रेडिओवर क्रिकेटविषयी बोलू लागले आणि तेथेही त्यांनी मोठा श्रोतृवर्ग मिळविला. हजारे यांनी १९४८ च्या जानेवारीत अॅडलेड येथे ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच कसोटीत ११६ आणि १४५ अशी दोन शतके केली, आणि १९५२ साली मद्रासला भारताने इंग्लंडविरुद्ध पहिला कसोटी विजय मिळविला तेव्हा कर्णधार तेच होते.

परंतु पंचरंगीच्या संदर्भात हजारे यांची आणखी एक खेळी सांगितली पाहिजे. मार्च १९४७ मध्ये बडोद्यास रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला, बडोदे विरुद्ध होळकर. तेथे संघ प्रांतांचे आणि संस्थानांचे होते. धर्माचा रकाना नव्हता. देशाची फाळणी पाच महिन्यांवर आली होती. बडोद्याच्या चौथ्या गड्यासाठी विजय हजारे आणि लाहोरचे गुल महंमद एकत्र आले आणि त्यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे यांच्या २८८ झाल्या, गुल महंमद यांच्या ३१९. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठी एवढी मोठी भागीदारी तोवर कोणी केली नव्हती, आणि तो विक्रम २००६ सालापर्यंत, एकोणसाठ वर्षे, अबाधित राहिला. गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले. १९५६ साली कराचीस ऑस्ट्रेलियाविरुद्ध ते पाकिस्तानकडून एक कसोटी सामना खेळले. हजारे बडोद्यासच राहिले, आणि २००४ च्या डिसेंबरमध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.